किल्ल्या कुणाच्या कमरेला?

मैत्रिणींनो,

या खेपेस उन्हाळी वाळवणांबद्दल लिहायचं ठरवलं होतं. कुरडयांचा गहू किती दिवस भिजत घालायचा इथपासून सगळी टिपणं काढून ठेवली होती. पण टपालात शिरूरच्या एका भगिनीचं चार पानी पत्र आलं आणि कुरडया बाजूला राहिल्या. तिचं नाव सांगत नाही. पण तिची अडचण तुमच्यापैकी पुष्कळजणींना कधी ना कधी आली असेल, म्हणून उत्तर इथेच देते आहे.

ही भगिनी आणि तिच्या आठ-नऊ मैत्रिणी. मुलं मोठी झाली, दुपार मोकळी मिळू लागली, तेव्हा दोन वर्षांपूर्वी त्यांनी मिळून एक मंडळ काढलं. शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे, हे महागणपतीच्या दर्शनाला जाणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. तिथल्या कारखान्यांत काम करायला बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाकडून माणसं येतात. पुरुष पाळीवर जातात आणि बायको नि मुलं एका खोलीत दिवस काढतात. इथली भाषा कळत नाही, ओळखीचा शेजार नाही, माहेर दोन दिवसांच्या गाडीवर. अशा बायकांसाठी हे मंडळ. शिवणवर्ग काढला, दुपारची बालवाडी काढली, संक्रांतीला हळदीकुंकू केलं. त्या पहिल्या हळदीकुंकवाला चाळीसजणी आल्या होत्या. आता शिवणवर्गाला चारजणी येतात, त्याही एक दिवसाआड.

पत्रात पुढे लिहिलं आहे, "गेल्या बैठकीत मी सुचवलं, त्यांच्यातली एक चुणचुणीत बाई आहे, तिला कार्यकारिणीत घेऊ या. तर सगळ्या गप्प. मग एक म्हणाली, 'अहो, आपण त्यांच्यासाठी करतोय ना? मग त्यांना मधे कशाला घ्यायचं? उद्या हिशोब मागतील.' मी अध्यक्ष आहे, पण माझं कुणी ऐकत नाही. घरीही म्हणतात, कशाला नसता व्याप? राजीनामा द्यावा का?"

ताई, राजीनामा देऊ नका. तुम्हांला जे सुचलं तेच बरोबर आहे. ते कसं करायचं, एवढाच प्रश्न आहे.

दुसरीला शहाणपण सांगण्याआधी स्वतःची फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही दौंडला होतो. दौंड रेल्वेचं जंक्शन, त्यामुळे शेजारीपाजारी सगळ्या प्रांतांतले. आम्हां बायकांचं छोटंसं मंडळ होतं. तालुक्यात ऊस भरपूर, साखर कारखाने आहेत. दिवाळीच्या आगेमागे बीड, नगरकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात, रानात कोप्या घालून राहतात आणि उन्हाळा लागला की परत जातात. आम्ही ठरवलं, या बायकांना साड्या वाटायच्या. घरोघर फिरून बऱ्यापैकी साड्या जमवल्या, धुतल्या, इस्त्री केल्या, टेम्पोत घालून नेल्या. साडी हातात देताना फोटोही काढले.

एका बाईनं साडी घेतली, घडी न मोडता मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "बाई, लुगडं झालं. पर लेकराला कुठं ठिवू तेवढं सांगा की."

मी मोठ्या दिमाखात म्हटलं, आमची बालवाडी आहे ना गावात! तर म्हणाली, "किती वाजता उघडती?" मी म्हटलं, दहाला. ती नुसती हसली. पहाटे अंधारात ती कोयता घेऊन फडात जायची. दहा वाजेपर्यंत तिचं निम्मं काम झालेलं असायचं, नि तिचं दोन वर्षांचं पोर तोवर पाचटात, बैलगाडीच्या चाकाशी बसलेलं असायचं. तिथून रस्ता हाकेच्या अंतरावर, विहीर त्याहून जवळ. आमची बालवाडी आमची घरची कामं उरकल्यावर उघडत होती. तिच्यासाठी काढलेली, पण वेळ आमच्या सोयीची!

परत येताना टेम्पोत कुणी बोललं नाही. पुढे पंधरा दिवस भांडणं झाली. पहाटे चारला तिथे जायचं कुणी? शेवटी तोडगा त्या बायकांनीच काढला. वयामुळे कोयता सुटलेली एक आजी टोळीबरोबर यायची, कोप्या राखायची. त्या म्हणाल्या, तिला बसवा. आम्ही पत्र्याची एक शेड मिळवली, चटई, पाण्याचा माठ, शेंगदाण्याचा लाडू असा खर्च काढला, आजीला महिन्याचे ठरावीक पैसे दिले आणि शेडच्या कुलुपाची किल्ली तिच्या हातात दिली. आमच्यातल्या एकीला ती किल्ली देणं फार जड गेलं. "सामान गेलं तर?" म्हणाली. हंगाम संपला तेव्हा आजीनं सामान मोजून परत केलं. एक वाटी कमी होती, ती तिनं स्वतः आधी सांगितली.

संस्था चालवणं म्हणजे काय, हे मला त्या किल्लीनं शिकवलं. घरात सून आल्यावर सासू किल्ल्यांचा जुडगा कमरेलाच ठेवते, की हळूहळू तिच्या हाती देते, यावर त्या घराचं पुढचं अवलंबून असतं. मंडळाचंही तसंच आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे दहा-बारा पोरांपुरतं ठीक आहे, मोठ्या कामाचं काय? ताई, काखेत कळसा नि गावाला वळसा! शिरूरहून न्हावऱ्यावरून खाली आलात आणि भीमा ओलांडलीत की दौंड तालुका लागतो. तिथे चौफुल्याच्या अलीकडे केडगाव आहे. पंडिता रमाबाईंची मुक्ती संस्था तिथली. सव्वाशे वर्षांपूर्वी एका बाईनं परप्रांतातून आलेल्या, निराळी भाषा बोलणाऱ्या शेकडो मुली तिथे सांभाळल्या. बाईंच्या धर्मांतराबद्दल आपलं मत काही असो, त्यांनी संस्था कशी चालवली हे मात्र आपण बायकांनी जरूर पाहावं.

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर तीर्थयात्रा करीत त्या वाढल्या. १८७४च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. उपाशी पोटानं वाटा तुडवणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. १८८२ साली नवरा गेला, पदरी वर्षाची मनोरमा. पुढे त्या इंग्लंडला गेल्या, १८८३मध्ये तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला, आणि १८८६मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या. तिथे दोन वर्षं राहून व्याख्यानं दिली आणि विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला.

तो पैसा कसा उभा केला ते नीट ऐका, कारण आपल्या कामाचं तेच आहे. १८८७मध्ये बॉस्टनला 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली आणि गावोगाव 'रमाबाई सर्कल' निघाली. एकेका सभासदानं वर्षाला निदान एक डॉलर द्यायचा, असा दहा वर्षांचा शब्द. एखाद्या धनिकाची मोठी देणगी आली तर आनंदच, पण विसंबायचं ते पुष्कळ लोकांच्या थोड्या-थोड्या, दरवर्षी येणाऱ्या वर्गणीवर. आपल्या भिशीसारखंच की! एकाच्या देणगीवर चाललेलं मंडळ त्याची मर्जी फिरली की बसतं. शंभरजणींच्या वर्गणीवर चाललेलं मंडळ दोघी रुसल्या तरी चालतं.

त्या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. पहिल्याच विद्यार्थिनींत एक विधवा मुलगी होती, गोदूबाई. १८९३मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला. त्याच पुढे आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे. अण्णांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी त्यांनी दारोदार वर्गणी मागितली. म्हणजे पाहा, जी आश्रयाला आली होती, तीच दुसऱ्या संस्थेचा खांब झाली.

पण १८९३ सालीच सदनावर संकटही आलं. सदनात धर्माचा उपदेश होणार नाही, असा शब्द लोकांना दिलेला होता. तरी काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, वर्तमानपत्रांतून टीकेचा भडिमार झाला. सल्लागार मंडळातून न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारखी माणसं बाहेर पडली आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं असं, की मी कुणावर सक्ती केली नाही, पण स्वतःची प्रार्थना मी दार लावून का करू? दोन्ही बाजूंनी आजवर खूप लिहिलं गेलं आहे. मला त्यातून एवढंच दिसतं, की सुरुवातीला लोकांना जो शब्द द्यायचा तो नीट विचार करून, झेपेल तेवढाच द्यावा. तो दोघांनी दोन तऱ्हांनी घेतला, की झालेलं नुकसान वर्षानुवर्षं भरून येत नाही.

आता केडगाव. अमेरिकेतून येणारा पैसा दहा वर्षांच्या शब्दावर होता, तो पुढे संपणार हे बाई जाणून होत्या. म्हणून संस्थेला स्वतःचं उत्पन्न असावं या विचारानं त्यांनी केडगावला जमीन घेतली. फळझाडं लावली, विहिरी खणल्या. इतक्यात १८९६-९७चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसं रस्त्यावर मरत होती. बाई स्वतः तिकडे गेल्या आणि अन्नान्न झालेल्या मुली, बायका घेऊन आल्या. एक-दोन नव्हे, शेकडो. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या माळावर झोपड्या घालून त्यांची सोय केली. तीच 'मुक्ती'. पुढे १९००च्या दुष्काळात गुजरातकडच्या मुली आल्या आणि वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली.

मैत्रिणींनो, क्षणभर डोळ्यांपुढे आणा. एका वेळच्या पंगतीला हजाराहून जास्त माणूस. हिंदी बोलणाऱ्या, गुजराती बोलणाऱ्या, मराठी, कानडी बोलणाऱ्या. कुणाच्या अंगावर फोड, कुणी चोरून भाकरी उशाखाली ठेवणारी, कारण उद्या मिळेल याची खात्री नाही. आपल्याकडे चार पाहुणे जास्तीचे आले तर कणीक पुरेल ना, म्हणून जीव वरखाली होतो. बाईंनी हे कसं निभावलं?

एकटीनं निभावलं नाही, हेच उत्तर आहे. शारदा सदनात आधी शिकून तयार झालेल्या मुली पुढे आल्या. त्यांनी या नव्या मुलींचे लहान-लहान गट आपल्याकडे घेतले. न्हाऊ घालण्यापासून अक्षर गिरवण्यापर्यंत सगळं त्या पाहू लागल्या. त्या नव्या मुली जरा सावरल्या की त्यांच्याकडेही काम आलं. कुणी मागावर, कुणी तेलाच्या घाण्यावर, कुणी दूधदुभत्याकडे, मळ्यात, शिवणात, भटारखान्यात. छापखान्यात तर मुली खिळे जुळवायच्या आणि छपाईही करायच्या. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर याच छापखान्यात बायकांच्या हातून छापलं गेलं. अंध मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवायला सुरुवात केली. दुष्काळात मरायला टेकलेली पोर पाच-दहा वर्षांनी छापखान्यात उभी राहून काम करते, हे त्या काळी किती मोठं होतं!

आणि भाषा? रमाबाईंना संस्कृत आणि मराठीच नव्हे, तर कानडी, हिंदी, बंगालीही येत होत्या. आलेल्या मुलीशी तिच्या बोलीत बोलणारं कुणी तरी असायचं. तुमच्या शिवणवर्गात मापं कुठल्या भाषेत सांगतात, ताई? नुसतं मराठीतच सांगत असाल, तर दोनदा विचारायला लाजून तिसऱ्या दिवशी ती बाई यायची थांबते. आळशी म्हणून नव्हे.

मनोरमाबाई आपल्यामागे संस्था पाहतील, असं बाईंना वाटत होतं. पण १९२१मध्ये लेक गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी बाई स्वतः गेल्या. आई नाही, लेक नाही. एखादं मंडळ अशा वेळी कुलूप घालून मोकळं झालं असतं. मुक्ती मात्र आजही केडगावला चालू आहे. किल्ल्या एकाच कमरेला नव्हत्या, म्हणून.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत मेक्सिकोकडून आलेली, स्पॅनिश बोलणारी शेतमजूर कुटुंबं द्राक्षांच्या नि भाज्यांच्या मळ्यांतून राबत होती, आपल्या ऊसतोडणीच्या टोळ्यांसारखीच. त्यांच्यासाठी भलं करणारे पुष्कळ होते. पण १९६२मध्ये डोलोरेस ह्युएर्टा नावाच्या बाईंनी आणि सेझार चावेझ यांनी त्या मजुरांचीच संघटना बांधली. ह्युएर्टाबाई अकरा मुलांची आई! सभा भरवायच्या त्या मजुरांच्या घरी, पाच-दहा माणसांत. आणि गरीब म्हणून वर्गणी माफ नाही. दरमहा साडेतीन डॉलर. ज्यानं वर्गणी दिली त्याला हिशोब विचारायचा हक्क आला आणि ज्याला हिशोब विचारता येतो त्याला मंडळ आपलं वाटतं.

म्हणून ताई, "उद्या हिशोब मागतील" या वाक्याला घाबरू नका. मागू देत! त्यासाठीच तर त्यांना घ्यायचं. आता काय करावं ते क्रमानं सांगते.

पहिलं म्हणजे पुढची बैठक तुमच्या बैठकीच्या खोलीत नको. त्या बायकांपैकी एकीच्या खोलीत, नवऱ्यांच्या पाळ्या पाहून, त्यांना सोयीच्या वेळी घ्या. चहा त्यांना करू द्या. तुम्ही फक्त विचारा आणि वहीत लिहून घ्या. पहिला अर्धा तास कुणी बोलणार नाही, तेव्हा मधे बोलू नका. "तुम्हांला काय देऊ?" असं विचारू नका. "दिवसभरात सगळ्यात अडतं कुठे?" असं विचारा.

माझा अंदाज सांगू? शिवणयंत्र पहिलं येणार नाही. रेशन, शाळा, दवाखाना ही नावं येतील. त्यासाठी पैसा लागत नाही, माहिती लागते. गावाकडचं रेशनकार्ड अन्नसुरक्षेतलं नि आधारशी जोडलेलं असेल, तर 'एक देश एक रेशन कार्ड' व्यवस्थेखाली इथल्या रेशन दुकानावरही धान्य घेता येतं. कितीजणींना हे ठाऊक आहे ते विचारून पाहा. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला दाखल्याअभावी शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, असं २००९चा शिक्षण हक्काचा कायदा सांगतो. पोटुशी असेल तिचं नाव जवळच्या अंगणवाडीत घाला. तुमच्या मंडळानं वर्षभरात एवढं जरी केलं, तरी बायका आपण होऊन येतील.

दुसरं, त्या चुणचुणीत बाईला कार्यकारिणीत नुसतं बसवू नका. एकटीला घेतलंत तर ती कोपऱ्यात बसेल आणि माना डोलवील. दोघी-तिघी घ्या. आणि त्यांना एक काम स्वतंत्र द्या, पैशासकट. समजा, बालवाडीच्या खाऊचे महिन्याचे पैसे. काय आणायचं, कुठून आणायचं, त्यांनी ठरवावं; पावत्या वहीत चिकटवाव्यात. पहिल्या महिन्यात चूक होईल. तुमची-माझी पहिली पोळी तरी कुठे गोल झाली होती? "आज आहे, उद्या गावी जाईल," असं कुणी म्हणेल, तर म्हणावं, म्हणूनच दोघी-तिघी. एक गेली तर दुसरीला काम माहीत असतं.

तिसरं, हिशोबाची वही बैठकीत सगळ्यांसमोर वाचायची. मराठीत एकदा, हिंदीत एकदा. बँकेचं खातं मंडळाच्या नावानं हवं नि सही दोघींची हवी. मंडळाची नोंदणी केली नसेल तर ती करा. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली निदान सात सभासद लागतात, आणि पुण्याला धर्मादाय कार्यालयात नोंद होते. कार्यकारिणी बदलली तर नव्वद दिवसांच्या आत तिथे कळवावं लागतं. पुष्कळ मंडळं इथेच चुकतात आणि मग वर्षानुवर्षं जुनीच नावं कागदावर राहतात. ३१ मार्चला हिशोब बंद करायचा, लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यायचा. हे काम किचकट वाटतं, पण वर्षभर पावत्या जपल्या तर दोन दुपारींत उरकतं.

चौथं, तुमच्या मैत्रिणींबद्दल. ज्यांनी नको म्हटलं त्या काही वाईट नाहीत. दोन वर्षं त्यांनी पदरमोड केली, उन्हात फिरल्या. आता आपलं महत्त्व जाईल असं त्यांना वाटतं. मलाही दौंडला वाटलं होतं. त्यांना बैठकीत चारचौघींत टोकू नका, एकेकीच्या घरी जा. आणि पुढच्या वर्षी अध्यक्षपद दुसरीला देईन, हे आधी स्वतःबद्दल सांगून टाका. सासूनं आपल्या कमरेची किल्ली काढली, की बाकीच्यांना काढायला सांगता येतं.

राहता राहिलं घरच्यांचं "नसता व्याप". त्यांना एका रविवारी न्हावऱ्यावरून केडगावला घेऊन जा. एवढ्या मोठ्या संस्थेची सुरुवात माळावरच्या झोपड्यांनी झाली होती, एवढंच सांगा.

त्या दौंडच्या आजीची वाटी पुढच्या हंगामात सापडली. पाचटाच्या गंजीत होती म्हणे. कोप्या घालायला आली तशी ती पहिल्यांदा माझ्याकडे आली, पदराखालून वाटी काढून पुढे ठेवली आणि विचारलं, "किल्ली कुठाय माझी?"

बैठक कशी झाली ते मला अवश्य कळवा. कुरडयांचं पुढच्या अंकात नक्की!

तुमची ताई